हेराला डिमेन्शिया झाला आहे की त्याचा संशय खरा आहे? पटकथा लिहिणाऱ्याला एका एडिटरचं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नायक साठीतला, गुप्तचर खात्यातून नुकताच बाहेर पडलेला. एक जुना शत्रू, जो मेला असं सगळे धरून चाललेत, तो जिवंत आहे अशी त्याची खात्री आहे. खात्यात कुणी ऐकून घेत नाही, घरचे काळजीत आहेत आणि त्याचं डोकं ठिकाणावर आहे की नाही हे प्रेक्षकालाही कळू नये असं तुम्हाला वाटतं. हा संशय शेवटपर्यंत टिकवायचा कसा आणि शेवट पाहून ‘आपल्याला फसवलं’ असं प्रेक्षकाला वाटू नये म्हणून काय करायचं? शिवाय निकोलस केजचा ‘डाईंग ऑफ द लाईट’ पाहून तुमची निराशा झाली, त्यातून शिकण्यासारखं काही आहे का, असंही तुम्ही विचारलंय.

मी एडिटर आहे, त्यामुळे उत्तर एडिट टेबलावरून देणार. पण सुरुवात पटकथेपासून करावी लागेल, कारण लेखकाने ‘वेडा की बरोबर?’ असा एकच फाटा ठेवला असेल तर एडिटमध्ये आमच्या हातात फारसं काही उरत नाही. प्रेक्षक पहिल्या अर्ध्या तासात दोनपैकी एक बाजू धरतो आणि मग फक्त निकालाची वाट पाहत बसतो. माझं म्हणणं सरळ आहे: तुमचा नायक बरोबरही असू द्या आणि आजारीही असू द्या. दोन्ही एकाच वेळी, पहिल्या दृश्यापासून. मग प्रश्न ‘शत्रू जिवंत आहे का’ एवढाच उरत नाही. हा माणूस त्याच्यापर्यंत पोचला तर तिथे नेमकं काय करून बसेल, ही भीती सुरू होते, आणि ती दोन तास पुरते.

आता आजार. तुमच्या आराखड्यात नायक चष्मा विसरतो, नातवाचं नाव चुकतो, घराचा रस्ता चुकतो. हे अल्झायमरचं चित्र आहे आणि मराठी प्रेक्षकाला ते ओळखीचं आहे. ‘अस्तु’ या चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी, जे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, ते इतकं नेमकं उभं केलंय की तुमची तुलना थेट त्याच्याशी होईल. पण हेराच्या गोष्टीला दुसरा एक आजार जास्त लागू पडतो, आणि ‘डाईंग ऑफ द लाईट’चे लेखक-दिग्दर्शक पॉल श्रेडर यांनी तोच निवडला होता: फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया. फेब्रुवारी २०२३ मध्ये हॉलिवूडचे नट ब्रूस विलिस यांच्या कुटुंबाने त्यांना हाच आजार असल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून हे नाव बऱ्याच जणांनी ऐकलंय.

या आजारात मेंदूचा पुढचा आणि कानशिलाकडचा भाग झिजत जातो. प्रागमधले डॉक्टर अर्नोल्ड पिक यांनी १८९२ साली असा पहिला रुग्ण नोंदवला. बहुतेकांना तो ४५ ते ६५ या वयात गाठतो, म्हणजे माणूस अजून कामावर असताना. त्याचा जो प्रकार सर्वात जास्त दिसतो, त्यात सुरुवातीला स्मरणशक्ती बऱ्यापैकी शाबूत असते. बदलतो तो स्वभाव. माणूस चारचौघांत नको ते बोलतो, समोरच्याचं दुःख त्याला भिडेनासं होतं, एकच कृती पुन्हा पुन्हा करतो, पैशाचे भलते निर्णय घेतो, गोड खात सुटतो. आणि आपल्यात काही बदललंय हे त्याला स्वतःला जाणवत नाही. घरच्यांना वाटतं, निवृत्तीमुळे चिडचिड होतेय किंवा नैराश्य आलंय. निदान व्हायला कित्येकदा वर्षं जातात. आजार थांबवणारं औषध आजही नाही.

हे हेराच्या धंद्याशी ताडून पाहा. त्याचं भांडवल काय असतं? चेहरा. मनात काय चाललंय ते डोळ्यांत न दिसू देणं, समोरच्याला काय वाटत असेल ते अचूक ओळखणं, तासन्‌तास गप्प बसून वाट पाहणं. हा आजार नेमका तिथेच पहिला घाव घालतो. आठवणी जागेवर, फायलींचे क्रमांक तोंडपाठ, पण त्या झाकून ठेवणारं झाकण गेलेलं. तीस वर्षं गुपितं सांभाळलेला माणूस सगळं काही आठवतोय आणि लग्नाच्या पंगतीत ते मोठ्याने सांगतोय. खात्याच्या दृष्टीने विसरलेल्या माणसापेक्षा हा माणूस कितीतरी धोकादायक. तुमच्या पटकथेत खात्याने त्याच्यावर पाळत का ठेवावी याचं कारण मला कुठे सापडलं नव्हतं. ते इथे आहे.

आणखी एक सोय. डॉक्टरांच्या दवाखान्यातली प्रश्नावली तुम्हाला माहीत असेल: आज वार कोणता, १०० मधून ७ वजा करत जा, हे तीन शब्द लक्षात ठेवा. १९७५ पासून जगभर वापरात असलेली ही ३० गुणांची चाचणी आहे. फ्रंटोटेम्पोरलच्या सुरुवातीच्या काळात रुग्ण तिच्यात उत्तम गुण मिळवू शकतो. म्हणजे तुमचा नायक चाचणी पास होईल, प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकेल आणि दाराशी उभ्या बायकोच्या चेहऱ्यावर मात्र समाधान नसेल. डॉक्टरचा कागद संशय मिटवण्याऐवजी वाढवतो, आणि वैद्यकीयदृष्ट्या त्यात काहीच चूक नाही.

आता त्या चित्रपटाकडे वळू. कथा अशी आहे: सीआयएचा एव्हन लेक (निकोलस केज) याला २२ वर्षांपूर्वी मुहम्मद बनीर नावाच्या दहशतवाद्याने पकडून छळलं होतं. बनीर मेला असं खातं मानतं, लेक मानत नाही. लेकला आजाराचं निदान होतं, त्याला खात्यातून जावं लागतं आणि त्याच सुमारास त्याचा तरुण सहकारी मिल्टन (अँटोन येल्चिन) त्याच्यापुढे एक धागा आणून ठेवतो. बनीरला थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे आणि त्याच्या उपचारांचा माग बुखारेस्टपर्यंत लागतो.

या धाग्याची कारागिरी बघा. थॅलेसेमियाच्या गंभीर प्रकारात रुग्णाला दर काही आठवड्यांनी रक्त द्यावं लागतं. बाहेरून आलेल्या रक्तातलं लोह शरीरात साठतं, हृदय आणि यकृत बिघडवतं, म्हणून ते बाहेर काढणारी औषधं नियमित घ्यावी लागतात. ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांना हे चक्र सांगायला नको. म्हणजे हा लपलेला माणूस नाव बदलू शकतो, देश बदलू शकतो, पण औषधाशिवाय राहू शकत नाही आणि औषध कुठेतरी नोंद ठेवून जातं. पुरावा लेकच्या डोक्याबाहेर आहे आणि तो दुसऱ्या, निरोगी माणसाने शोधलाय. त्यामुळे लेक बरोबर आहे हे प्रेक्षकाला मान्य करावंच लागतं, आणि तरी त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. शिकारी आणि सावज दोघांची शरीरं त्यांना सोडून चाललीत. कागदावर ही फार सुंदर रचना आहे.

मग पडद्यावर काय झालं? २०१४ मध्ये निर्मात्यांनी चित्रपट श्रेडर यांच्या हातातून काढून घेतला. त्यांच्या सहभागाशिवाय तो पुन्हा एडिट झाला, पार्श्वसंगीत आणि ध्वनिमिश्रणही परस्पर झालं. छायाचित्रकार गॅब्रिएल कोसुथ यांनीही जाहीरपणे लिहिलं की रंगसंस्काराच्या कामापासून त्यांना दूर ठेवण्यात आलं. करारात चित्रपटाची बदनामी न करण्याची अट होती. श्रेडर, केज, अँटोन येल्चिन आणि कार्यकारी निर्माते निकोलस विंडिंग रेफ्न या चौघांनी तीच अट छापलेले टी-शर्ट घालून फोटो काढले. तोंडाने अवाक्षर न काढता केलेला निषेध होता तो.

तुमची निराशा झाली ती हीच प्रत पाहून. त्यात लेक आजारी आहे हे आपल्याला सांगितलं जातं. संवादात सांगतात, डॉक्टर सांगतो, केजच्या भडकण्यातून दिसतं. पण कट मात्र ठणठणीत आहेत. प्रत्येक दृश्य कुठे सुरू होतं, कोण कुठे उभं आहे, वेळ किती गेला, सगळं लख्ख. कुठल्याही सरधोपट थ्रिलरचं एडिट असावं तसं. आजार फक्त नटाने वाहायचा आणि एडिटने त्याला हातही लावायचा नाही, असं केलं की प्रेक्षक लेककडे बाहेरून, थोड्या दयेने आणि थोड्या कंटाळ्याने पाहत राहतो.

श्रेडर गप्प बसले नाहीत. मूळ चित्रीकरण त्यांना मिळणार नव्हतं, म्हणून कामाच्या कच्च्या प्रतींच्या डीव्हीडी घेऊन त्यांनी एडिटर बेंजामिन रॉड्रिगेझ ज्युनिअर यांच्यासोबत २०१७ मध्ये दुसरी आवृत्ती बांधली. नाव ‘डार्क’, लांबी सव्वा तासाच्या आसपास. हक्क नसल्यामुळे ती विकता येत नाही. अभ्यासासाठी संग्रहांकडे दिली गेली. तिच्यात आजार थेट चित्रात उतरतो. प्रतिमा फुटतात, रंग बिघडतात, शेवटाकडे तर गोष्टीचा धागा जवळपास विरघळून जातो. चित्रीकरण तेच आणि नटही तेच, पण आधीच्या प्रतीत आजाराची नुसती माहिती होती, इथे तो सोसावा लागतो. एडिटिंग शिकणाऱ्या प्रत्येकाने या दोन प्रतींचा विचार करावा असं मला मनापासून वाटतं.

तरी तुम्ही ‘डार्क’ची नक्कल करू नका. शेवटचा भाग मला स्वतःला जास्त झालेला वाटतो. प्रतिमा सतत फुटत राहिल्या की डोळा सरावतो आणि मग काहीच फुटल्यासारखं वाटत नाही. उलट टोकाचं उदाहरण म्हणजे फ्लोरियन झेलर यांचा ‘द फादर’, डिमेन्शिया झालेल्या वृद्धाची गोष्ट, ज्यासाठी अँथनी हॉपकिन्स यांना ऑस्कर मिळालं. तिथे एडिटर योर्गोस लाम्प्रिनोस यांचे कट अगदी शांत, सभ्य आहेत. बिघाड खोलीत आहे: घराची मांडणी आणि सामान हळूहळू बदलतं, मुलीच्या भूमिकेत मधूनच दुसरीच अभिनेत्री समोर येते, आणि कट आपल्याला काही झालंच नाही अशा थाटात पुढे नेतो. हेरपटाला ही शांत पद्धत जास्त मानवेल, कारण हेरपटाचा प्रेक्षक मुळातच बारकावे टिपायला बसलेला असतो.

संशयाबद्दल एक खरी गोष्ट सांगते, कारण तुमचा नायक तिच्याच कुळातला आहे. जेम्स अँगलटन हे १९५४ ते १९७४ सीआयएच्या प्रतिहेरगिरी विभागाचे, म्हणजे शत्रूचे हेर शोधणाऱ्या विभागाचे, प्रमुख. ब्रिटिश गुप्तचर किम फिल्बी त्यांचा जवळचा मित्र, वॉशिंग्टनमध्ये दोघांची जेवणं ठरलेली. तो फिल्बी सोव्हिएत हेर निघाला आणि १९६३ मध्ये बैरूतहून मॉस्कोला पळाला. म्हणजे ‘आपल्यातच कुणीतरी फितूर आहे’ हा संशय शंभर टक्के खरा ठरला होता. पुढे १९६४ मध्ये युरी नोसेन्को हा केजीबीचा, म्हणजे सोव्हिएत गुप्तचर संस्थेचा, अधिकारी अमेरिकेच्या आश्रयाला आला. अँगलटन आणि सीआयएच्याच सोव्हिएत विभागातल्या अधिकाऱ्यांना तो पेरलेला माणूस वाटला. त्याला तीन वर्षांहून जास्त काळ एकांतात डांबलं गेलं, त्यातला बराचसा खास बांधलेल्या काँक्रीटच्या कोठडीत. अखेर सीआयएने त्याला खरा मानलं, भरपाई दिली, सल्लागार म्हणून कामही दिलं. फितुराच्या शोधात खात्यातल्या कित्येकांच्या नोकऱ्या बरबाद झाल्या आणि शेवटी कुणीतरी खुद्द अँगलटनच फितूर असावेत असाही तर्क लढवला.

अँगलटन यांना डिमेन्शिया होता असं मी अजिबात म्हणत नाही. सांगायचं ते एवढंच की ज्या धंद्यात संशय घेण्याचाच पगार मिळतो, तिथे संशय आजारात कधी बदलला हे खात्याला आतून ओळखता येत नाही. तुमच्या पटकथेत नायकाचे वरिष्ठ त्याला सरळ ‘म्हातारा सटकलाय’ म्हणतात. ते इतक्या सहज म्हणू नयेत. त्यांनी घाबरावं, कारण पूर्वी दोनदा तो असाच बोलला होता आणि दोन्हीदा बरोबर निघाला होता.

आता एक दृश्य जवळून. तुमच्या आराखड्यातलंच आहे: पुण्यातला फ्लॅट, खात्यातला जुना हाताखालचा माणूस मुलाच्या लग्नाची पत्रिका आणि पेढ्यांचा बॉक्स घेऊन आलाय. तुम्ही तिथे नायकाला पाहुण्याचं नाव विसरायला लावलंय. ते काढा. त्याला नाव, हुद्दा, पहिली नेमणूक, सगळं आठवू द्या. तो १९९३ ची एखादी मोहीम तारीखवार सांगतोय, पाहुणा कौतुकाने ऐकतोय, आणि बोलता बोलता नायक पेढे खातोय. एक, दोन, चार, सहा. कुणी काही म्हणत नाही. बायको चहा ठेवते आणि जाता जाता बॉक्सचं झाकण लावून टाकते. नायक बोलणं न थांबवता झाकण उघडतो. मग अचानक, त्याच सुरात, पाहुण्याला विचारतो, “दार दिसेल अशीच खुर्ची निवडलीस. कुणी पाठवलं तुला?”

हे दृश्य मी असं कापेन. मोहिमेच्या वर्णनात नायकाच्या चेहऱ्यावर राहीन, पेढ्यांचा वेगळा क्लोज-अप घेणार नाही. हात फ्रेमच्या खालच्या कडेला येत-जात राहील. ज्याला दिसेल त्याला दिसेल. पहिला क्लोज-अप झाकणाचा, आणि तो बायकोच्या नजरेतून. प्रश्नानंतर साधारणपणे आम्ही लगेच समोरच्याच्या चेहऱ्यावर कट देतो. इथे नायकावरच आठ-दहा फ्रेम जास्त थांबेन. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर हा सेकंदाचा जेमतेम तिसरा हिस्सा, पण तेवढ्यात प्रेक्षक स्वतःला विचारतो, ‘हा चेष्टा करतोय का?’ मग पाहुण्याचं हसू, जे किंचित उशिरा सुरू होतं. ध्वनीत पंखा आणि रस्त्यावरची वर्दळ पहिल्यापासून आहेच. प्रश्नाच्या आधी दोन सेकंद ती हळूच खाली घ्यायची, म्हणजे पाहुण्याच्या खिशातल्या किल्ल्या ऐकू येतील. आवाज असा दबतो तेव्हा आपण नायकाच्या कानांनी ऐकतोय, हे प्रेक्षकाला न सांगता शिकवलं जातं. पुढे त्याचा उपयोग कराल.

आणि पाहुणा खरोखर पाठवलेलाच आहे. वीस मिनिटांनी ते प्रेक्षकाला कळू द्या. तेव्हा त्याला दोन गोष्टी एकदम आठवायला हव्यात: म्हाताऱ्याने बरोबर ओळखलं होतं, आणि ते ओळखल्याचं त्याने तोंडावर बोलून दाखवलं, जे त्याने पूर्वी कधीच केलं नसतं.

फसवणुकीचा मुद्दा राहिला. माझा नियम कडक आहे. चित्रपटात तीन नजरा असतात: नायकाची, त्याच्या जवळच्या माणसाची आणि कुणाचीच नसलेली, म्हणजे तटस्थ. तटस्थ शॉटने कधीही खोटं बोलायचं नाही. गर्दीत नायकाला शत्रू दिसला आणि तो तिथे नव्हता, तर त्या शॉटच्या आधी आणि नंतर नायकाचे डोळे असलेच पाहिजेत. शत्रू खरा दिसणार असेल त्या ठिकाणी तो एकदा तरी तटस्थ शॉटमध्ये, नायक फ्रेममध्ये नसताना दिसू द्या. दुसऱ्यांदा चित्रपट पाहणाऱ्याला प्रत्येक शॉटचा मालक सापडला पाहिजे. ‘सगळं त्याच्या मनातलं होतं’ हा शेवट तुमच्या तिसऱ्या पर्यायात आहे, तो टाकून द्या. प्रेक्षकाने दोन तास गुंतवलेला विश्वास त्याने परत मिळत नाही.

नटाबद्दल दोन वाक्यं. थरथरता हात आणि शून्यात लागलेली नजर नको. या आजाराची सुरुवात तशी नसते. त्याऐवजी दुसऱ्याच्या भावनेला मिळणारा प्रतिसाद काढून घ्या: बायको रडत असताना तो वर्तमानपत्र वाचत राहतो, रागाने नव्हे, फक्त त्याला ते पोचत नाही.

चित्रीकरणाच्या वेळी प्रत्येक महत्त्वाचं दृश्य बायकोच्या किंवा तरुण सहकाऱ्याच्या जागेवरून एकदा सलग, न थांबता घ्या, संवाद चुकले तरी चालेल. ते फुटेज नसेल तर एडिटमध्ये नजर बदलता येत नाही आणि मग हातात उरतं ते नायकाच्या चेहऱ्याचे क्लोज-अप आणि गूढ संगीत. प्रत्येक खोलीचा, कुणी बोलत नसतानाचा, दोन मिनिटांचा रिकामा आवाजही रेकॉर्ड करून घ्या. मराठी सेटवर घाईत हे हमखास राहून जातं. आणि करारावर सही करण्याआधी अंतिम कट कुणाचा, एडिट बदलायचं झालं तर आधी कुणाला विचारायचं, मूळ फुटेजची प्रत कुणाकडे राहणार, हे वकिलाकडून लिहून घ्या. श्रेडर यांच्याइतका मुरलेला माणूस डीव्हीडीवरून आपलाच चित्रपट पुन्हा बांधत बसला, तो याच कलमांपायी.